पितंय किती?

यात्रेचा दुसरा दिवस. जेवणावळी उरकून घर सुस्तावलं होतं, तेव्हा एक पांढरी गाडी दारात येऊन थांबली. उतरलेला पोरगा पंचविशीचा असेल. इस्त्रीचा शर्ट, धूळ बसलेले बूट, हातात टॅब. दादानं, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावानं, त्याला आधीच बोलावून ठेवलं होतं हे माझ्या नंतर ध्यानात आलं, कारण गाडीचा दरवाजा लागायच्या आधीच आत चहाचं आधण चढलेलं होतं. पोरानं टॅबवर आमचा वरचा माळ उघडला. आकाशातून काढलेला फोटो, त्यावर पिवळ्या रेघा, आणि रेघांच्या आत आमचा माळ वाळत घातलेल्या कातड्यासारखा ताणून पसरलेला. कंपनीचं नाव आत्ता सांगता येणार नाही म्हणाला, पण डेटा सेंटरसाठी सलग जागा बघतोय. सातबाऱ्यावर निम्मा तर पोटखराबाच लागलाय तुमचा, म्हणजे लागवडीला न येणारा, त्यातून तुम्हाला येतंय काय? थोरली चुलती सोप्यात सुपात मटकी घेऊन खडे निवडत बसली होती. तिला घरात सगळे अव्वाच म्हणतात, तिची नातवंडंही आणि आम्हीही. तिनं मान वर न करताच विचारलं, "ते काय आणणार म्हणतायसा, ते पाणी किती पितंय?" पोरगा हसला. "आजी, कॉम्प्युटर असतात हो त्यात. कॉम्प्युटरला पाणी लागलं तर जळून जाईल की!" दादा हसला, वहिनी दारामागून हसली, शेजारचे दोघं हसले.

मीही हसलो.

गेले चार महिने ते माझं हसणं माझ्या मागं लागलंय. कारण त्या सोप्यात त्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक असलेला माणूस एकच होता आणि तो मी होतो. नवी मुंबईत एका डेटा सेंटरमध्ये अकरा वर्षं नोकरी करतोय. डेटा सेंटर म्हणजे इंटरनेटवरचं सगळं साठवणाऱ्या कॉम्प्युटरांचं, म्हणजे सर्व्हरचं, रात्रंदिवस चालणारं कोठार. सर्व्हरच्या बाजूला नाही, युटिलिटीला. म्हणजे यूपीएसच्या बॅटऱ्या, डीजी सेट म्हणजे डिझेलचे जनरेटर, गारवा करणारे चिलर, पंप. गावात मला कॉम्प्युटरवाला समजतात आणि मीही ते कधी खोडून काढलं नाही, कारण पंपवाला म्हटलं तर गावातले निम्मे लोक पंपवालेच. प्रत्येक पाळीत मी वही घेऊन गच्चीवर जातो, मेकअप वॉटरच्या, म्हणजे खर्ची पडलेल्या पाण्याच्या जागी भरलेल्या पाण्याच्या, मीटरचा आकडा बघतो आणि लिहितो. वर्षाला तीनशेहून जास्त वेळा. म्हणजे अव्वाचा प्रश्न हा माझ्या नोकरीतला रोजचा रकाना आहे. तरी मी हसलो.

त्या गच्चीविषयी थोडं सांगायला हवं. खाली हॉलमध्ये रॅकच्या रांगा, एका गल्लीत गार वारा, दुसऱ्या गल्लीत तोंडावर भट्टीची झळ. तिथं सतत एक घरघर असते, कानात नाही तर दाढेत जाणवणारी. ती सगळी उष्णता पाण्यावर बसवून वर आणायची आणि कूलिंग टॉवरमध्ये सोडायची. टॉवरच्या आत प्लॅस्टिकच्या जाळीदार थरांवरून पाणी खाली पडत असतं, वरून पंखा हवा ओढतो, थोडं पाणी वाफ होऊन जातं आणि उरलेलं गार होतं. मे महिन्यात, रात्रपाळीला, त्या जाळीशेजारी उभं राहिलं की डिट्टो पाऊस. अंगावर बारीक तुषार येतात, ओल्या लाकडासारखा नि थोडा क्लोरिनचा वास येतो, कबुतरं खालच्या थारोळ्यात चोच बुडवून जातात. नोकरीच्या पहिल्या उन्हाळ्यात मी चक्क डोळे मिटून तिथं दहा मिनिटं उभा होतो. आमच्याकडे रोहिणीचा पाऊस पत्र्यावर असाच वाजतो, वाजला तर. सांगली जिल्ह्यात, जतच्या पूर्व भागात पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर काय ते वर्षाचं दान. आणि इथं मेमध्ये, गच्चीवर, चोवीस तास पाऊस. कुणासाठी? कुणाच्या तरी लग्नाचे फोटो, कुणाचे बँकेचे व्यवहार, माझे स्वतःचे दोन हजार न बघितलेले व्हिडिओ.

यात गूढ काही नाही. अव्वाच्या स्वयंपाकघरातला माठ हेच करतो. पाझरतो म्हणून गार होतो. नवा माठ रात्रीतून दोन बोटं पाणी पितो, हे तिला माहीत असतंच. आता हिशोब करा. एक लिटर पाणी वाफ होताना साधारण दोन तृतीयांश युनिट उष्णता घेऊन जातं. एक मेगावॅट म्हणजे तासाला हजार युनिट. तेवढी उष्णता निव्वळ वाफेवर घालवायची तर तासाला दीड हजार लिटर पाणी, दिवसाला छत्तीस हजार. बारा हजारांचे तीन टँकर. ही झाली नुसती उडून गेलेली वाफ, बाकीची धुणीभांडी वेगळी. आणि एक मेगावॅटचं डेटा सेंटर आता कुणी बांधत नाही. भाषा पन्नासची, शंभरची असते. पन्नास धरा, अठरा लाख लिटर. रोज.

आकड्यांना चेहरा नसतो, म्हणून मी मिरजेची गाडी आठवतो. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं होतं. पहिल्या फेरीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं, लातूर स्टेशनवर लोकांनी नारळ फोडले. आपल्या जिल्ह्याच्या कृष्णेचं पाणी साडेतीनशे किलोमीटर गेलं याचा मलाही अभिमान वाटला. आमच्याकडे तेव्हा टँकरच होता, पण लातूरकरांच्या घशापुढं काही बोलायची सोय नव्हती. तर पन्नास मेगावॅट म्हणजे रोज तसल्या साडेतीन गाड्या. नारळ न फोडता.

टँकरची आठवण मात्र अभिमानाची नाही. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. टँकर गावविहिरीवर यायचा, कारण दारोदार वाटत बसायला ड्रायव्हरला वेळ नसे. तो जाड पाइप विहिरीत सोडायचा, आणि पाणी खाली खडकावर आपटायच्या आतच वरून तीस-चाळीस पोहरे सुटायचे. दोऱ्यांचा असा गुंता व्हायचा की कुणाचा पोहरा कुणाच्या हाती कळायचं नाही. पोहऱ्यावर पोहरा आदळून जो आवाज व्हायचा तो मला अजून स्वप्नात येतो. वर आलेलं पाणी मातीच्या रंगाचं. अव्वा ते घागरीच्या तोंडावर धडपा बांधून चार पदरांतून गाळायची, तळाशी उरलेला गाळही फेकायची नाही, तो शेवग्याच्या बुडात. भांडी राखेनं घासायची आणि नुसती पुसायची. तांदूळ धुतलेलं पाणी म्हशीला. आंघोळ दगडावर बसून, खाली परात, परातीतलं पाणी पुन्हा शेवग्याला. त्या शेवग्याला इतक्या शेंगा लागायच्या की अख्खी गल्ली तोडून न्यायची. अव्वा म्हणायची, बहात्तरला खायला नव्हतं, सुकडीवर दिवस काढले, खडी फोडली, पण चाळीस फुटांवर पाणी होतं. आता खायला हाय, पाणी कुठं गेलं?

नऊशे फुटांवर गेलं. दादाच्या डाळिंबाच्या बागेत तीन बोअर झाल्या, तिसरी नऊशेवर. मी होतो तेव्हा. मशीन रात्रभर खणत होतं, भोकातून पांढरी भुकटी उडून डाळिंबाच्या पानांवर बसत होती, आणि दादा दर वीस फुटांना ती भुकटी चिमटीत धरून ओली लागते का बघत होता. पहाटे मशीनवाल्यानं रॉड काढायला सुरुवात केली तेव्हा कुणी काही बोललं नाही. पुढं बागेवर तेल्या रोग आला आणि सगळी झाडं उपटून बांधावर जाळली. कर्ज तसंच राहिलं. म्हणून त्या पांढऱ्या गाडीला मी शिव्या घालू शकत नाही. दादाच्या जागी मी असतो तर गाडी यायच्या आधी आधण मीच ठेवलं असतं.

सोप्यात गप्प बसायचं खरं कारण हेच. उत्तर दिलं असतं तर सौदा माझ्या तोंडून मोडला असता, आणि मी महिन्याच्या पगारावर नवी मुंबईला परत गेलो असतो.

आमच्याकडे सगळ्यांच्या नजरा माळावर असतात, कारण माळ कुणाचाच वाटत नाही. वीस वर्षांपूर्वी पवनचक्क्या आल्या. ढालगावकडून जतकडं येताना रात्री त्यांचे लाल दिवे एकाच वेळी लुकलुकतात, पहिल्यांदा बघणाऱ्याला भारी वाटतं. त्याही वेळी पांढऱ्या गाड्याच होत्या. पोरांना नोकऱ्या म्हणाले होते, आमच्या भागातल्या दोन-चार पोरांना मिळाल्या, वॉचमनच्या. वारा आमचा, वीज कुठं गेली ठाऊक नाही, आणि शेतीला थ्री फेज आठ तास, तेही पाळीनं. एका आठवड्यात दिवसा, दुसऱ्यात रात्री. दादा रात्री दोनला बॅटरी घेऊन, विंचवाकाट्यातून मोटर चालू करायला जातो. मी ज्या सेंटरात काम करतो तिथं दोन निरनिराळ्या उपकेंद्रांवरून लाइन आहे, दोन्ही गेल्या तर डीजी, डीजी उठेपर्यंत बॅटरी. पहिल्यांदा हे सगळं समजावून घेताना मी प्रशिक्षकाला विचारलं होतं, इतकं कशाला? तो म्हणाला, तिसऱ्या श्रेणीच्या सेंटरला वर्षाकाठी ९९.९८२ टक्के चालू राहावंच लागतं. मी कागदावर मांडलं. वर्षात बंद राहायची मुभा पंचाण्णव मिनिटं.

हा आकडा मला पाण्याच्या आकड्यापेक्षा जास्त भिववतो. आमचा मुलूख कसा जगतो? आक्रसून. पाऊस गेला की माणूस रान पड ठेवतो. जनावरं विकतो, नाहीतर छावणीत नेऊन बांधतो. दोन माणसं ऊसतोडीला जातात, घरातली घागर चारावरून दोनावर येते. माडग्याळची मेंढरं बघा, ती वाकड्या नाकाची, उंच पायांची. त्यांच्यामागं धनगर पावसाच्या मागावर मैलोन्‌मैल चालत जातो आणि चारा झाला की परत येतो. ही सगळी माणसं नि जनावरं वर्ष बघून लहानमोठी होतात. दुष्काळी भागात शेती म्हणजे एवढीच कला. आणि त्याच माळावर अशी एक गोष्ट आणून बसवायची की जी पड ठेवता येत नाही, छावणीत नेता येत नाही, जिला मे महिना कळत नाही. उलट मेमध्ये तिला जास्त लागतं. मग वाईट वर्षी आक्रसायचं कुणी? आणखी एक गंमत. वाफेवर चालणाऱ्या कूलिंगला कोरडी हवा फार मानवते. म्हणजे ज्या कोरडेपणापायी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या वाळलो तो आता जागेचा गुण म्हणून कागदावर लिहिला जाणार.

दादाशी फोनवर मी हे बोललो. सगळं नाही, हळूहळू, आडून आडून. तो माझ्यापेक्षा हुशार निघाला. म्हणाला, "इंजिनेर, खाली कृष्णाकाठाला एक एकर ऊस वर्षाला किती पितो सांग." मी हिशोब केला, उसाला दोन मीटर पाणी धरलं तर एकरी ऐंशी लाख लिटर. "मग तुझी ती पन्नासची मशीन किती एकर उसाएवढी झाली?" वाफेचं धरून साधारण ऐंशी-ब्याऐंशी एकर. दादा हसला. "एका भावकीचा ऊस! आणि त्या उसाला कोण विचारतंय का, पाणी किती पितोस म्हणून? आम्ही विकायला काढलं की बरं सगळ्यांना पाणी आठवतंय."

मला उत्तर आलं नाही. नंतर सुचलं, नेहमीसारखं. ऊस कृष्णेच्या काठावर उभा आहे, आमच्या माळावर नाही. आमच्यापर्यंत पाणी यायचं तर म्हैसाळहून टप्प्याटप्प्यानं उपसून वर चढवावं लागतं, आणि पूर्व भागातल्या गावांनी त्या पाण्याची वाट बघत किती वर्षं काढली हे वेगळं सांगायला नको. पाण्यापायी कर्नाटकात जातो असे ठराव करून झाले, २०२२ ला पलीकडच्या मुख्यमंत्र्यांनी त्याच जोरावर चाळीस गावांवर हक्कही सांगितला. आता कुठं पाइप येतोय म्हणतात, आणि त्याच पाइपाच्या तोंडाशी पहिलं गिऱ्हाईक कोण असणार? पण हेही दादाला म्हणता आलं नसतं, कारण तो म्हणाला असता, पाइप आला की सांग. अजून एक खरं सांगून टाकतो. पाण्याशिवाय, नुसत्या हवेवर चालणारे चिलरही असतात. वीज जास्त खातात, पाणी जवळजवळ नाही. काही ठिकाणी सांडपाणी शुद्ध करून वापरतात. तो टॅबवाला पोरगा यातलं एखादं म्हणाला असता तर मी मान डोलावली असती. तो म्हणाला, कॉम्प्युटर पाणी पीत नाही. त्याला खरंच ठाऊक नसावं. हेच मला जास्त लागलं.

अमेरिकेत ओरेगॉन राज्यात, कोलंबिया नदीच्या काठी, द डॅलस नावाचं एक लहान गाव आहे. तिथं गूगलची सेंटर्स आहेत. ती पाणी किती घेतात असं तिथल्या वर्तमानपत्रानं विचारलं, तर आकडा बाहेर जाऊ नये म्हणून खुद्द नगरपालिकाच कोर्टात गेली. वर्षभर भांडण चाललं, २०२२ च्या शेवटी आकडे उघडे झाले, आणि शहराच्या एकूण पाण्यातला चौथ्या हिश्शाहून जास्त वाटा एकट्या त्या सेंटर्सचा निघाला. हे वाचलं तेव्हा मी रात्रपाळीला होतो. अव्वाला एक दिवसही शाळा नाही. एका वर्तमानपत्राला कोर्टाची पायरी चढून जे विचारावं लागलं ते तिनं मटकी निवडता निवडता विचारलं होतं. तिच्यासाठी तो बाजारातला साधा प्रश्न होता. म्हैस घेताना ती हेच विचारायची. दूध किती हे विकणारा सांगतोच, न विचारता. पितीय किती, हे आपण विचारायचं.

आषाढात गावात ग्रामसभा झाली. मी नव्हतो, पुतण्यानं फोनवर थोडं ऐकवलं. सगळे विरोधात आहेत असं समजू नका. तरुण पोरं बाजूनं होती, आणि का नसावीत? एकानं माझंच नाव घेतलं, म्हणे तो मुंबईला जाऊन त्याच कामाला राहिलाय, इथं झालं तर आम्हाला घरातून जाता येईल. आमच्या पाळीत इंजिनिअर आणि टेक्निशियन धरून नऊ माणसं असतात, गेटवरचे गार्ड त्याहून जास्त, हे मी पुतण्याला सांगितलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "काका, गार्डला किती मिळतं?" मेंढरंवाल्यांनी एवढंच विचारलं की कुंपण कुठवर घालणार. पिवळ्या रेघा त्यांच्या वाटेवरून जात होत्या. पोटखराब्याच्या रकान्यात मेंढरांची वाट लिहायला जागा नसते.

परवा रविवारी मी अव्वाला फोन केला. पुतण्यानं फोन तिच्या कानाला धरला. ती फोनवर नेहमी ओरडते, मी नवी मुंबईत आहे म्हणून. म्हटलं, अव्वा, तू यात्रेत त्या पोराला विचारलं होतंस ना, ते पाणी पितंय का. तर पितंय. लई पितंय. माठाचं उदाहरण दिलं, टँकर मोजून सांगितले, एक मेगावॅट म्हणजे काय ते सोडून दिलं आणि सरळ दिवसाला दीडशे टँकर म्हणालो. तिकडं शांतता. मला वाटलं आता विचारणार, मग तवाच का बोलला न्हाईस. त्याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं, आठवडाभर घोकून.

"एवढं पितंय," ती ओरडली, "तर मुततंय कुठं?"

मागं दादाच्या हसण्याचा आवाज आला. यावेळी मी हसलो नाही. कूलिंग टॉवरमधलं पाणी वाफ होऊन जातं तेव्हा क्षार मागं राहतात, पाणी दाट होत जातं, म्हणून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, एका मर्यादेच्या वर गेला की काही पाणी सोडून द्यावं लागतं. त्याला ब्लोडाउन म्हणतात. त्यात क्षार असतात, गंज न धरण्याचं औषध असतं, शेवाळ मारायचं औषध असतं. त्याचाही मीटर आहे, त्याचाही रकाना मी भरतो. ते शेवग्याच्या बुडात ओतता येणार नाही एवढं मला कळतं. आमच्याकडे खाडी नाही, समुद्र नाही, बोर नदी वर्षातले बहुतेक महिने वाळूच असते. माळावर सोडलेलं पाणी उतारानं कुठं जाणार, तर खालच्या विहिरींकडं.

"बघून सांगतो," म्हटलं.

त्या रात्री राउंडला गेलो तेव्हा ब्लोडाउनचा पाइप मी पहिल्यांदा नीट बघितला. हिरवा रंग, वर पांढरा बाण. गच्चीवरून शाफ्टमध्ये, शाफ्टमधून तळघरात. तळघरात भिंतीतून पलीकडं. परत येऊन कपाटातून ड्रॉइंग काढलं आणि टेबलावर पसरलं. पाइपाची रेघ एका चौकोनात जाते, चौकोनावर ट्रीटमेंट असं लिहिलंय. चौकोनातून एक बाण बाहेर निघतो, आणि तिथं कागदाची कड येते.

मीटरचा आकडा लिहिला. पहाटेचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. दादाच्या आठवड्याची पाळी रात्रीची आहे का दिवसाची, हे आठवायचा प्रयत्न करत होतो.